राण्यांच्या दोन कबरी

पीटरबरो हें शहर इंग्लंडच्या पूर्वभागांत, नेन नदीच्या कांठीं, सखल मुलुखाच्या कडेला वसलेलें आहे. तेथील कॅथीड्रल पाहावयास आलेला माणूस पश्चिमेकडील तीन प्रचंड कमानींखालून आंत शिरला, कीं प्रथम त्याची नजर वर लांकडी छताकडे, तेराव्या शतकांतील चित्रकामाकडे जाते. ती खालीं आली आणि तो मागें वळला, म्हणजे दाराजवळच्या भिंतीवर त्याला एका म्हाताऱ्याचें चित्र दिसतें. हातांत फावडें, जवळ किल्ल्या आणि एक कवटी. हा रॉबर्ट स्कार्लेट, या देवालयाचा कबरी खोदणारा. १५९४ सालीं तो वारला, त्या वेळीं त्याचें वय ९८ वर्षांचें होतें असें तेथें नमूद आहे. चित्राखालच्या पद्यांत त्याच्या दोन गोष्टी मोठ्या अभिमानानें सांगितल्या आहेत. पहिली ही, कीं त्यानें या जागीं दोन राण्यांना मूठमाती दिली. आणि दुसरी ही, कीं तो इतका जगला कीं गांवांतील कुटुंबप्रमुखांची एक सबंध पिढी पुरून झाल्यावर दुसरीही त्यानेंच पुरली.

त्या दोन राण्यांपैकीं एक ॲरागॉनची कॅथरीन, आठव्या हेन्रीची पहिली पत्नी. तिला येथें १५३६ च्या जानेवारींत पुरलें. दुसरी स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट. तिला १५८७ च्या उन्हाळ्यांत पुरलें. कॅथरीन गाभाऱ्याच्या उत्तर बाजूस अजून आहे. मेरीची जागा दक्षिण बाजूस, बरोबर समोर आहे. पण ती रिकामी आहे. १६१२ सालीं तिच्या मुलानें तिचा देह तेथून उचलून लंडनला, वेस्टमिन्स्टरच्या मठांत नेला.

या दोघींची हकीकत इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकांत सांपडेल. ती पुन्हां सांगण्यासाठीं मीं लेखणी उचललेली नाहीं. माझ्या मनांत घोळणारा प्रश्न निराळा आहे. एखाद्या माणसावर जिवंतपणीं अन्याय झाला, तें माणूस मरून गेलें, आणि मागाहून कोणी तरी त्याच्या कबरीवर संगमरवर बसविला, तर त्या अन्यायाचें कांहीं परिमार्जन झालें असें म्हणतां येईल काय? कीं हा सारा जिवंतांनीं जिवंतांसाठीं मांडलेला देखावा? व्यवहारी मनुष्याचें उत्तर ठरलेलें आहे: मढ्याला मान नाहीं आणि अपमानही नाहीं; जें करावयाचें तें माणूस डोळे उघडे ठेवून आहे तोंवर करा. ॲरिस्टॉटलनेंही आपल्या नीतिशास्त्राच्या पहिल्याच भागांत हा प्रश्न हातीं घेतला होता. मागें राहिलेल्यांच्या बऱ्यावाईटाचा मृतांना कांहीं स्पर्श पोंचतो काय, असें विचारून, पोंचलाच तर तो फार क्षीण असावा, सुख्याचा दुःखी किंवा दुःख्याचा सुखी करण्याइतका तो नसावा, असा सावध निकाल त्यानें दिला आणि तो पुढें चालूं लागला. एवढ्या मोठ्या तत्त्ववेत्त्यानें येथें पाय जपून टाकला, यावरूनच जागा निसरडी आहे हें ध्यानांत यावें.

कॅथरीनकडे वळूं. स्पेनच्या फर्डिनंड व इसाबेला यांची ही मुलगी १५८५ च्या बरोबर शंभर वर्षें आधीं जन्मली. १५०१ सालीं इंग्लंडच्या युवराज आर्थरशीं तिचें लग्न झालें. पुरते पांच महिनेही लोटले नाहींत तोंच ती विधवा झाली. आणि सात वर्षें परक्या देशांत ओढगस्तीनें काढल्यावर १५०९ सालीं आर्थरच्या धाकट्या भावाशीं, म्हणजे आठव्या हेन्रीशीं, तिचा विवाह झाला. पुढें जवळजवळ दोन तपें ती इंग्लंडची राणी होती. १५१३ त नवरा फ्रान्सांत लढाईवर असतां राज्याचा कारभार तिच्याच हातीं होता. परंतु मुलगा जगला नाहीं. एकटी मेरी ही मुलगी वांचली. राजाला वारस हवा होता आणि ॲन बोलीनही हवी होती. तेव्हां भावाची बायको करणें हें धर्मशास्त्राविरुद्ध आहे अशी शंका त्याच्या सदसद्विवेकबुद्धीला अठरा वर्षांच्या संसारानंतर येऊं लागली. पहिला विवाह नांवापुरताच होता, आणि शिवाय पोपची परवानगी घेतलेली होती, हें कॅथरीनचें म्हणणें तिनें अखेरपर्यंत सोडलें नाहीं. १५२९ त ब्लॅकफ्रायर्स येथील न्यायसभेंत तिनें नवऱ्यापुढें गुडघे टेकून आपलें सांगणें सांगितलें, आणि पुकारा होत असतांही ती मागें न पाहतां निघून गेली.

१५३३ त आर्चबिशप क्रॅन्मरनें विवाह रद्द ठरविला, आणि हुकूम निघाला कीं यापुढें कॅथरीनला राणी म्हणूं नये. ती युवराज आर्थरची विधवा, तेवढाच तिचा दर्जा. हा हुकूम घेऊन राजाचे लोक तिच्याकडे गेले. ती आजारी होती, पलंगावर होती. त्यांनीं झालेल्या बोलण्याचा जो कागद तयार केला तो तिनें मागून घेतला, आणि त्यांत जेथें जेथें तो नवा किताब आला होता तेथें तेथें स्वतःच्या हातानें लेखणी फिरवून तो खोडून काढला. माझ्या मतें या बाईच्या चरित्रांतील सर्वांत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट हीच. राज्य गेलें, नवरा गेला, दागिने गेले, त्यांसाठीं ती भांडत बसली नाहीं. एका शब्दासाठीं मात्र ती अडून बसली.

हें अडून बसणें सर्वस्वीं योग्य होतें काय? तें निर्मळ होतें असें मला म्हणवत नाहीं. तिच्या हट्टाची किंमत तिनें एकटीनें दिली नाहीं. १५३१ पासून मायलेकींची भेट होऊं दिली गेली नाहीं. मेरीचें राजकन्येचें पद काढून घेऊन ॲनच्या तान्ह्या मुलीच्या, म्हणजे एलिझाबेथच्या, घरांत तिला दुय्यम होऊन राहावें लागलें. आई थोडी वांकली असती तर मुलीचें हाल कमी झाले असते, हें उघड आहे. परंतु आई वांकली असती तर मुलगी अनौरस आहे हेंही तिनेंच कबूल केल्यासारखें झालें असतें. मुलीचें आजचें सुख कीं मुलीचें नांव, अशी ती निवड होती. संसारांत पडलेल्या पुष्कळांना असल्या निवडीचा कांहीं अनुभव असेल; तेव्हां न्यायाधीश होण्याची घाई करूं नये हें बरें.

७ जानेवारी १५३६ रोजीं किंबोल्टन येथें ती वारली. फ्रान्सिस्कन साधूंच्या एखाद्या मठांत आपल्याला पुरावें अशी तिची इच्छा होती. तेवढीही पुरी झाली नाहीं, कारण त्या पंथाचे मठ राजानें आधींच बंद केले होते. तिला पीटरबरोस आणलें, तें आर्थरची विधवा म्हणून. मुलीला येऊं दिलें नाहीं. आणि त्या प्रसंगीं व्याख्यान देणाऱ्या बिशपनें, आपण इंग्लंडची राणी कधींच नव्हतों हें या बाईनें मरतांना कबूल केलें, असें सांगितल्याचें स्पेनच्या पक्षाचा राजदूत शापुई यानें कळविलें आहे.

शापुई पक्षपाती होता, हें मान्य. परंतु त्याची बातमी खरी धरली, तर माझ्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथेंच मिळतें. समजा, त्या बिशपच्या शब्दांनीं त्या दिवशीं कोणाचेंच नुकसान झालें नाहीं. मुलगी तेथें नव्हती, नोकरचाकर कांहीं विश्वास ठेवणारे नव्हते, श्रोत्यांना तर सारें आधींच ठाऊक होतें. तरीही तें ऐकून आपल्या मनाला जो धक्का बसतो तो कशाचा? "असत्य बोलणें वाईट" एवढ्या सामान्य नियमाचा तो नव्हे. ज्या शब्दाविरुद्ध ती सात वर्षें लढली, तोच शब्द तिचें तोंड बंद झाल्यावर तिच्या तोंडीं घातला गेला. अन्याय झाला तो तिच्यावर झाला, शवपेटींत असलेल्या कॅथरीनवर. आणि मृतावर अन्याय करतां येतो हें एकदां कबूल केलें, तर मृताला न्यायही देतां येतो हें कबूल करणें प्राप्त आहे. व्यवहारी मनुष्याला यांतील एकच अर्धें ठेवतां येणार नाहीं.

पण कोणीं द्यावयाचा, आणि कसा? येथें खरी अडचण सुरू होते.

मुलगी मेरी ट्यूडर १५५३ त गादीवर आली, आणि तिच्या पहिल्याच पार्लमेंटनें आईचा विवाह कायदेशीर होता असें ठरविलें. मुलीच्या कर्तव्याची याहून मोठी पूर्तता ती कोणती? परंतु याच हातांनीं पुढें तीनशेंच्या आसपास प्रॉटेस्टंट माणसें जिवंत जाळलीं. आईचा छळ आणि हा छळ यांचा कार्यकारणसंबंध जोडून मोकळें होण्याचा मोह इतिहासकारांना होतो. मी त्यांत पडत नाहीं. एवढेंच म्हणतों, कीं अन्याय सोसलेल्या माणसाच्या हातीं न्यायाचें काम आलें म्हणजे तो आपल्या हिशेबाच्या वहींत दुसऱ्यांचीं नांवें लिहूं लागतो. मेरीनें मृत्युपत्रांत लिहून ठेवलें होतें कीं आईचा देह पीटरबरोहून आणून माझ्याजवळ ठेवावा. १५५८ त ती मेली. तें कोणीं केलें नाहीं. तिची स्वतःची शवपेटी एलिझाबेथच्या शवपेटीखालीं आहे. वर पुतळा आहे तो एकट्या एलिझाबेथचा. सिंहासन आणि कबर यांच्या भागीदार अशा या दोन बहिणी पुनरुत्थानाच्या आशेनें येथें निजल्या आहेत, अशा अर्थाचा लॅटिन लेख पायथ्याशीं कोरला आहे. लेख सुरेख आहे. मात्र त्या दोघींना विचारलें असतें तर दोघींपैकीं एकीनेंही त्यावर सही केली नसती.

मेरी स्टुअर्टची गोष्ट याहून गुंतागुंतीची. ती कॅथरीनसारखी निष्कलंक नव्हे. दुसरा नवरा डार्नली याच्या १५६७ मधील खुनाच्या संशयांतून तिला कोणींही पूर्ण मोकळी केलेली नाहीं. खुनाचा आरोप ज्याच्यावर होता त्या बॉथवेलशींच तिनें तीन महिन्यांत लग्न लावलें. इंग्लंडांत आश्रय मागावयास ती १५६८ त आली आणि १९ वर्षें कैदेंत राहिली. बॅबिंग्टनच्या कटांत तिचा हात होता म्हणून ८ फेब्रुवारी १५८७ रोजीं फॉदरिंगे येथें तिचा शिरच्छेद झाला. तख्तावर ती लॅटिनमधून आपली प्रार्थना म्हणत असतां पीटरबरोचे डीन फ्लेचर तिच्यापुढें इंग्रजींतून मोठमोठ्यानें आपली प्रार्थना म्हणत होते. धर्मोपदेशकांचा उत्साह कित्येकदां फार अवेळीं उफाळून येतो. एलिझाबेथनें हुकुमावर सही केली होती, तरी तो बजावावयास मीं सांगितलें नव्हतें असें म्हणून तिनें आपला चिटणीस डेव्हिसन याला किल्ल्यांत टाकलें.

यानंतर सहा महिने तो देह शिशाच्या पेटींत फॉदरिंग्यासच पडून होता. फ्रान्सांत पुरावें ही मेरीची मागणी नाकारली गेली, आणि पीटरबरोस राणीच्या इतमामानें, एलिझाबेथच्या खर्चानें, प्रॉटेस्टंट विधीनें तिची उत्तरक्रिया झाली. तिच्या कॅथलिक सेवकांपैकीं बहुतेकांनीं त्या विधींत भाग घेतला नाहीं. रावण पडल्यावर रामानें बिभीषणास त्याचा अंत्यविधि करावयास सांगितलें, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों, आणि पहिल्या दर्शनीं एलिझाबेथचें हें वर्तन त्याच मापाचें वाटतें. पण तसें तें नाहीं. रामानें विधि रावणाच्या भावाच्या हातीं दिला. एलिझाबेथनें मेरीच्या माणसांच्या हातून तो काढून घेतला. ज्याला जिवंतपणीं भीत होतों तो आतां बोलूं शकत नाहीं, म्हणून त्याला मुकुट घालावयास हरकत नाहीं, अशा जातीचा हा मान आहे. स्कॉटलंडला आणि फ्रान्सला दाखविण्यासाठीं तो होता. त्याला परिमार्जन म्हणणें म्हणजे खुनाच्या जागेवर सडा घालण्याला परिमार्जन म्हणणें होय.

आतां मुलगा. जेम्सला आई आठवणें शक्य नव्हतें. तो दहा महिन्यांचा असतां तिनें त्याला शेवटचें पाहिलें. तिचा वध झाला त्या वेळीं तो विशींत होता, स्कॉटलंडचा राजा होता, आणि एलिझाबेथकडून त्याला वर्षासन चालू होतें. निषेध त्यानें केला. वर्षासन सोडलें नाहीं. कारण एलिझाबेथच्या मागें इंग्लंडची गादी त्याला मिळावयाची होती. ती १६०३ त मिळाली, आणि नऊ वर्षांनीं आईचा देह वेस्टमिन्स्टरला गेला. सातव्या हेन्रीच्या त्या मंदिरांत उत्तरेकडच्या बाजूस एलिझाबेथ आहे, दक्षिणेकडच्या बाजूस मेरी. आणि मेरीची कबर एलिझाबेथच्या कबरीपेक्षां मोठी आहे. यांत राजकारण किती आणि पुत्रधर्म किती? इंग्लंडच्या गादीवर जेम्सचा हक्क आईकडून आलेला होता; तेव्हां देहदंड झालेली आई दूर पीटरबरोस राहणें हें त्याच्या वंशाला कमीपणाचें होतें. आईला राजघराण्यांत बसविलें म्हणजे आपणही आपोआप बसलों.

तरीदेखील जेम्सला मी नुसता ढोंगी म्हणून सोडून देणार नाहीं. स्वार्थ मिसळला म्हणून कृत्य खोटें ठरत असेल, तर आपल्यांतील पुष्कळांच्या श्राद्धपक्षाचेंही हिशेब तपासावे लागतील. विशीच्या वयांत जें धैर्य झालें नाहीं त्याची बोच माणसाला पंचेचाळिसाव्या वर्षीं लागूं शकते. माझा आक्षेप दुसराच आहे. त्यानें आईला काय हवें होतें तें विचारलें नाहीं. तिला फ्रान्स हवें होतें. त्यानें तिला ती इंग्लंडच्या गादीची हक्कदार होती अशा थाटांत, ज्या बाईनें तिला मारलें तिच्या शेजारीं ठेवलें. एलिझाबेथनें दिलेला मान आणि जेम्सनें दिलेला मान, दोहोंतही देणाऱ्याची सोय पाहिलेली आहे. देणेकऱ्यानें रक्कम फेडली, पण धनकोनें जी मागितली होती ती नव्हे.

कॅथरीनचें देणें कोणीं फेडलें, तें पाहण्यासारखें आहे. १६४३ सालीं, यादवी युद्धांत, पार्लमेंटच्या सैनिकांनीं या कॅथीड्रलांत शिरून मुख्य वेदी, रंगीत कांचा आणि तिच्या कबरीवरचें बांधकाम यांचा चुराडा केला. पुढें अडीचशें वर्षें ती जवळजवळ उघड्याच फरशीखालीं होती. वंश तर मुलीबरोबरच खुंटला होता. तिच्यासाठीं तळमळण्यांत कोणाचाच फायदा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील एका धर्मोपदेशकाच्या पत्नीनें, जिचें स्वतःचें नांव कॅथरीन होतें, कॅथरीन नांवाच्या स्त्रियांना वर्गणीची विनंती केली. लोकांनीं पैसे पाठविले आणि कबरीवर संगमरवराची शिळा बसली. आज तिच्यावरील जाळीवर सोनेरी अक्षरांत लिहिलें आहे: कॅथरीन, इंग्लंडची राणी. पंचम जॉर्जची राणी मेरी हिनें पुढें राणीपदाचीं निशाणें तेथें लावविलीं.

या वर्गणीची कल्पना प्रथम वाचली तेव्हां मला हंसूं आलें होतें. नांव सारखें, एवढ्यावर काय नातें? मागाहून तें हंसणें ओसरलें. जिच्याकडून नांव हिरावून घेतलें तिला तें नांवाच्या बायांनीं परत दिलें. आणि दिलें तें तिनें मागितलेलेंच. डाळिंब हें तिचें चिन्ह होतें, म्हणून लोक अजून त्या शिळेवर डाळिंबें आणून ठेवतात. एलिझाबेथच्या सोहळ्याच्या आणि जेम्सच्या इमारतीच्या मानानें ही रक्कम क्षुल्लक. पण खरोखर फेड झाली असेल तर ती येथें झाली असें मला वाटतें.

येथें थांबतां आलें असतें तर बरें झालें असतें. परंतु १५१३ सालची एक गोष्ट आहे, आणि ती लपवून ठेवणें लबाडीचें होईल. त्या वर्षीं, कॅथरीन कारभार पाहत असतां, स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्सनें इंग्लंडवर स्वारी केली आणि ९ सप्टेंबर रोजीं फ्लॉडनच्या रणांगणावर तो पडला. हेन्रीची सख्खी बहीण त्याची राणी होती, म्हणजे तो कॅथरीनच्या नणंदेचा नवरा. त्याचा रक्तानें माखलेला अंगरखा तिनें फ्रान्सांत नवऱ्याकडे नजराणा म्हणून पाठविला, आणि त्याबरोबरच्या पत्रांत लिहिलें कीं देहच पाठविण्याचा माझा विचार होता, पण इंग्रजांच्या मनाला तें सोसलें नसतें. पोपनें बहिष्कृत केलेला म्हणून त्या राजाला पुरलें नाहीं. शीन येथील मठांत त्याचें प्रेत तसेंच ठेवलेलें होतें आणि पुढें तें कोठें नाहींसें झालें. त्याचीच नात मेरी स्टुअर्ट. चौऱ्याहत्तर वर्षांनीं ती पीटरबरोस आली, आणि २५ वर्षें, मध्यें फक्त गाभारा ठेवून, कॅथरीनच्या समोर निजली. दोन्ही खड्डे, त्या पद्यावर विश्वास ठेवावयाचा तर, त्या एकाच म्हाताऱ्याच्या फावड्यानें खणलेले.

यामुळें कॅथरीनचें देणें रद्द होतें असें मी म्हणत नाहीं. देणें चांगल्या माणसांचेंच फेडावयाचें असतें तर फार थोडीं देणीं उरलीं असतीं. पण तिच्या शिळेवरचीं डाळिंबें मनापुढें आणलीं कीं तो अंगरखाही डोळ्यांपुढें येतो. इंग्लंड-स्कॉटलंडांत जेम्स नांवाच्या पुरुषांना कांहीं तोटा नाहीं. त्यांनीं उद्यां वर्गणी गोळा करावयाची ठरविली तर ती सहज जमेल. ती शिळा ठेवावयाची कोठें, एवढेंच तेवढें कोणाला सांगतां येणार नाहीं.